दारावरचे वाघ

आमच्या मंडळाचं नाव मी सांगणार नाही. माझं पेन्शन अजून तिथूनच येतं, आणि मंडळाचे लोक एरवी काही वाचत नसले तरी स्वतःचं नाव कुठे छापून आलं की ते बरोबर वाचतात. एवढंच सांगते की लोकांचा पैसा कुणी खोट्या योजनांमध्ये लुबाडू नये म्हणून सरकारने हे मंडळ काढलं होतं. मुंबईत त्याची मोठी काचेची इमारत होती आणि सुरतेत नानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर एक खोली. त्या खोलीत एक पंखा, एक फॅक्स मशीन आणि मी, अर्चना उपासनी, मंडळाची वकील. माझ्या नवऱ्याची, परागची, सुरतेच्या बँकेत बदली झाली होती, म्हणून मी ही जागा मागून घेतली. मंडळात सुरत मागून घेणारी मी पहिलीच, त्यामुळे मला काहीतरी आजार असावा असं बऱ्याच जणांना वाटलं.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची. तेव्हा सागवानाच्या योजनांचं पीक आलं होतं. तुम्ही पैसे द्यायचे, कंपनी तुमच्या नावाने सागाचं झाड लावणार, झाड वाढणार आणि तुम्ही बसून खाणार. लिंबायतमध्ये अशीच एक कंपनी होती, अक्षयवन. तिचा मालक भाईदास. तो मूळचा खानदेशातला, यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यापासून सुरुवात केलेला, आता पांढरा सफारी घालून पांढऱ्या मारुतीतून फिरणारा. लिंबायत आणि बमरोलीत मागावर राबणारी निम्मी खानदेशी माणसं त्याला ‘आप्पा’ म्हणत. झाडं कुठे आहेत असं विचारलं की आप्पा डोंगराकडे हात करायचा. सुरतेला डोंगर नाही, पण हात इतक्या विश्वासाने व्हायचा की माणूस आपोआप तिकडे बघायचा.

मंडळाने अक्षयवनला नोटीस काढायचं ठरवलं: यापुढे लोकांकडून पैसे घेऊ नका. सरळ वाक्य आहे. पण सरळ वाक्य मंडळातून बाहेर पडू शकत नसे. ते आधी विधी विभागात गेलं, मग योजना विभागात, मग पुन्हा विधी विभागात, आणि बाहेर आलं तेव्हा त्याची दोन पानं झाली होती. वर तीन सिंहांचा सुरेख शिक्का आणि खाली अखंड इंग्रजी. मी फॅक्स केला की लिंबायतचे लोक मराठी वाचतात, नोटीस मराठीत हवी. आमचे मुंबईचे साहेब प्रभाकर वर्तक यांनी कळवलं की लिंबायत गुजरात राज्यात येतं, म्हणून नियमाप्रमाणे भाषांतर गुजरातीत व्हायला हवं. गुजराती भाषांतरकार मंडळाच्या यादीवर नाही. सबब इंग्रजी योग्य. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी वर्तक साहेबांचे फॅक्स पाहावेत. मी ते जपून ठेवले होते, पण त्या कागदावरची शाई आपोआप उडून जाते. मंडळाची ती एकच गोष्ट मला दूरदर्शी वाटली.

तर नोटीस अक्षयवनच्या दारावर चिकटवली गेली. नोटीस लावायला कोर्टातून मागवलेल्या माणसाला दिवाळीच्या सुटीआधी काम उरकायचं होतं, म्हणून त्याने धनत्रयोदशीचा दिवस निवडला. खळ लावून कागद असा घट्ट बसवला की दार मोडलं तरी कागद निघू नये.

भाईदास आप्पा तो कागद पाहून पांढरा पडला म्हणतात. पण तेवढ्यात कामावरून सुटलेल्या चार बाया तिथून चालल्या होत्या. त्यांनी दारावर सरकारचा शिक्का पाहिला, तिन्ही वाघ पाहिले (सिंह म्हणायची तिथे पद्धत नाही) आणि सणाचा दिवस म्हणून हात जोडले. एकीने पदराच्या गाठीतलं हळद-कुंकू काढून वाघांना लावलं. सरकारने आप्पाच्या दारावर शिक्का मारला! रेशन कार्डावर असतो, नोटेवर असतो, तोच शिक्का! आप्पा काही मूर्ख नव्हता. त्याने आतून उदबत्ती मागवली आणि स्वतः लावली.

त्या दिवाळीत अक्षयवनकडे जेवढे पैसे जमा झाले तेवढे आधी कधी झाले नव्हते. मी तसं मुंबईला कळवलं. वर्तक साहेबांनी उत्तर पाठवलं की नोटीस रीतसर बजावली गेल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत आहे.

मग आप्पाने त्याहून पुढची मजल मारली. त्याने गुंतवणूकदारांकडूनच आमच्यावर दावा दाखल करवला, की मंडळ आमच्या चांगल्या चाललेल्या कंपनीला त्रास देतंय. त्याच्या देसाई वकिलांनी कोर्टाकडून ‘जैसे थे’चा हुकूम मिळवला. म्हणजे दावा निकाली निघेपर्यंत सगळं आहे तसंच राहील. मंडळाने नवी कारवाई करायची नाही, नवी नोटीस लावायची नाही आणि जुनी काढायचीही नाही. आमचीच नोटीस आमच्यापासून वाचवायला त्यांनी कोर्टाचा हुकूम आणला होता. मी वीस वर्षं वकिली केली, पण एवढं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नाही.

त्या दाव्यातली पहिली वादी होती रंजना गोपाल पाटील. कायद्याने ती माझी विरोधी पक्षकार, आणि जिला वाचवायला मंडळ मला पगार देत होतं तीही तीच. कोर्टाच्या व्हरांड्यात सगळीकडे गुजराती चाललेलं असायचं. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून ती माझ्याच बाकावर येऊन बसायची. देसाई वकिलांनी तिला सांगून ठेवलं होतं की त्या बाईशी बोलू नको. रंजना मला म्हणाली, “बोलू नको म्हने. आते इथं तुमच्याशिवाय बोलाले शे तरी कोन?”

नवरा गोपाल बमरोलीला मागावर, हीही कांड्या भरायची. लिंबायतमधली एक खोली तिच्या नावावर होती. सासूने मरताना मुलाच्या नाही, सुनेच्या नावावर केली होती, आणि या गोष्टीचा तिला अतोनात अभिमान होता. दर तारखेला मी तिला तेच सांगायची: ती नोटीस आप्पाला शाबासकी नाही, त्याच्या विरुद्ध आहे.

“विरुद्ध शे तर काढत का नही?”

“कोर्टाने काढू नका म्हटलंय.”

“मंग कोर्ट बी आप्पाच्या बाजूनं शे,” ती म्हणायची. यावर माझ्याकडे उत्तर होतं. दोन पानांचं, पण इंग्रजीत.

एप्रिलमध्ये ती बाकावर बसली ती खुशीतच. म्हणाली, “खोलीचा सौदा झाला, बाई. आखाजीले पैसे आप्पाकडे भरते. पूर्ण एक एकर झाडं, मना सोताच्या नावावर.”

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात तिच्यापुढे दिवाळीची किंमत नाही. सासरी गेलेल्या पोरींना माहेरी आणायला भाऊ मुराळी पाठवतो. झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, बाया गाणी म्हणतात, आणि त्या दिवशी जे कमावलं ते कधी कमी होत नाही असं मानतात. आप्पाने हे सगळं बरोबर ओळखलं होतं. त्याने ‘माहेर योजना’ काढली. जी बाई आखाजीला मोठी रक्कम भरेल तिच्या घरी अक्षयवनकडून मुराळी येणार, साडी आणि नारळ घेऊन, आणि तिला रिक्षात बसवून कंपनीच्या अंगणात आणणार. तिथे झोका, तिथे आमरस. झाडावर तिच्या नावाची पाटी.

मी चिडले. म्हटलं, “रंजना, डोक्यावरचं छप्पर विकतेस? न पाहिलेल्या झाडांसाठी?”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “माय मरी गयी तवपशी भाऊनी एक डाव बलावं नही, बाई. आखाजीले साऱ्या गल्लीतल्या बाया गावाले जातस. मी दार लावून घरात बसस. आप्पानी माले बहीन म्हनं. आते माले बी मुराळी येईन.”

मला तिचा राग यायचा तो त्या दिवसापासून येईनासा झाला. सागाच्या झाडाविरुद्ध मला युक्तिवाद करता आला असता. माहेराविरुद्ध काय करणार?

मी कोर्टात तातडीचा अर्ज केला: ‘जैसे थे’ उठवा, आखाजीच्या आधी उठवा. अर्जासोबत मंडळाचं प्रतिज्ञापत्र लागत होतं, आणि त्याच्या मसुद्याला मुंबईची मंजुरी. मंजुरी आली, पण एका दुरुस्तीसह. माझ्या मसुद्यात ‘लोकांची फसवणूक’ असं होतं, त्याऐवजी ‘संभाव्य अनियमितता’ घालावं. दुरुस्ती करून पाठवलं तर वर्तक साहेब रजेवर. त्यांच्या जागी जे होते त्यांनी ‘संभाव्य’वर शंका काढली. शेवटी सुनावणीच्या दिवशी मी प्रतिज्ञापत्राशिवाय उभी राहिले. न्यायाधीश सज्जन होते. म्हणाले, “बेन, उतावळ शुं छे? झाड तो ऊगतां वार लागे.” घाई कसली, झाड उगवायला वेळ लागतोच, एवढं म्हणून त्यांनी सुटीनंतरची तारीख दिली. देसाई वकील बाहेर आल्यावर मला म्हणाले की तुमच्यासारख्या अभ्यासू वकिलाविरुद्ध लढण्यात मजा येते. मजा त्यांचीच होती.

आखाजीच्या सकाळी मी लिंबायतला गेले. कशासाठी, ते माझं मलाच माहीत नव्हतं. मंडळाची सही-शिक्क्याची सगळी ताकद संपली होती. परागने फक्त एवढंच विचारलं की जेवायला येणार ना. मी हो म्हटलं.

अक्षयवनच्या अंगणात मांडव होता. बांबूच्या दोन घोड्यांवर झोका बांधलेला, आळीपाळीने बाया त्यावर बसत होत्या. आमरसाची पातेली होती, स्पीकरवर गाणी होती. आणि दारावर आमची नोटीस. तिला झेंडूची माळ, चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं, वाघांच्या कपाळावर कुंकू. खाली ताटात नारळांची रास. एका बाजूला टेबल, टेबलावर पावतीपुस्तकं, समोर नव्या साड्यांमधल्या बायांची रांग. रांगेत रंजना होती. डोक्यावर पदर, पोटाशी घट्ट धरलेली कापडी पिशवी. मी तिला इतकी देखणी कधी पाहिली नव्हती.

“मुराळी आला होता,” मला पाहताच ती म्हणाली. “नारळ घेऊन. साऱ्या गल्लीनी दखा.”

“रंजना, घरी चल. निदान आजचा दिवस थांब.”

“तुमनाच कागद शे ना तो, बाई?”

“आमचाच आहे.”

“मंग?”

तेवढ्यात भाईदास आप्पा स्वतः आला. हात जोडून म्हणाला, “या बाई, या. आमचं भाग्य. बायांनो, या सरकारच्या वकीलबाई. हा कागद यांच्याच ऑफिसातून आलाय. बाई, आज सणाचा दिवस आहे, तुमच्याच तोंडून वाचून दाखवा. मराठीत. गरिबांना कळू द्या.”

त्याने स्पीकर बंद करायला लावला. माझ्यासाठी खुर्ची आणवली. मनात म्हटलं, आप्पा फसला. मी दाराशी उभी राहिले आणि इंग्रजीचं मराठी करत मोठ्याने वाचायला लागले.

“ज्याअर्थी मंडळाच्या असे निदर्शनास आले आहे की सदर प्रवर्तक हा, उपकलम दोनमध्ये व्याख्या केल्याप्रमाणे, सामूहिक स्वरूपाची योजना चालवीत आहे किंवा चालवीत असल्याचे मानण्यास जागा आहे, आणि ज्याअर्थी अशा योजनेस, अन्यथा तरतूद केली असेल तेवढे सोडून...”

मी तिसऱ्या परिच्छेदावर आले तेव्हा एका म्हातारीने हात जोडून डोळे मिटले होते. पोथी चालू असल्यावर मिटतात तसे. पैसे घेऊ नका हे वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं, तेही ‘पुढील आदेशापर्यंत, आणि प्रवर्तकाच्या हक्कांस बाध न येता’ यांच्यामध्ये दडपलेलं. मी ते जोर देऊन वाचलं. कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मी सरळ भाषेत सांगितलं, “बायांनो, याला पैसे देऊ नका असं लिहिलंय!” आप्पा हसून म्हणाला, “बाई विनोदी आहेत. पैसे देऊ नका म्हणणारा कागद मी माळ घालून ठेवीन का?” सगळ्या हसल्या. वाचन संपलं म्हणून कोणीतरी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

रांग सरकली. रंजना टेबलापाशी पोहोचली आणि पिशवीची गाठ सोडू लागली.

पुढे जे झालं ते मी विचार करून केलं असं मी चौकशीत सांगितलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. मला संताप आला होता. आप्पाचा, वर्तक साहेबांचा, त्या दोन पानांचा, हातातल्या खोबऱ्याचा. मी माळ ओढून काढली. कागदाच्या वरच्या कडेत नखं घातली आणि कागद ओढला. खळ चांगलीच होती. पण सहा महिने उन्हात वाळलेली. टर्रकन आवाज होऊन वरचा अर्धा भाग, वाघांसकट, माझ्या हातात आला.

कोर्टाच्या हुकमाचा उघड भंग झाला होता. सनद जाईल एवढा. तो वकिलाने केला होता आणि शेकडो साक्षीदारांसमोर.

झोका थांबला. त्यावरची बाई उतरून उभी राहिली. ज्या म्हातारीने डोळे मिटले होते तिने ते उघडले. आणि रंजना, टेबलापाशी, गाठ अर्धी सोडलेली, माझ्या हातातल्या वाघांकडे बघत राहिली.

“सरकारनी हात काढी लिधा,” ती म्हणाली. जोरात नाही. पण ऐकू गेलं.

मग ते वाक्य रांगेतून मागे गेलं, मांडवातून बाहेर गेलं, गल्लीत गेलं. जो कागद सहा महिने दारावर असताना कोणाला काही समजलं नाही तो दारावरून निघाल्यावर सगळ्या लिंबायतला पाच मिनिटांत समजला. बायांनी पिशव्या पदराखाली घेतल्या. ज्यांनी आधीच भरले होते त्या टेबलावर हात आपटू लागल्या, आमचे द्या, आमचे आत्ताच द्या. आप्पा म्हणाला, शांत व्हा, तिजोरीची किल्ली आणतो. तो मागच्या दाराने किल्ली आणायला गेला तो आजतागायत आलेला नाही.

ज्यांनी भरले होते त्यांचे गेले. त्यात रंजनाचेही थोडे होते. खोलीचे मात्र पिशवीतच राहिले, आणि तिने ते दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला परत करून सौदा मोडला. पण त्या सकाळी ती माझ्यापाशी आली ती आभार मानायला नाही. डोळे भरले होते. म्हणाली, “घर वाचाडं, बाई. पन मनं माहेर बी तुम्हीच फाडं.” आणि माझ्या हातातला तो अर्धा कागद हिसकावून घेऊन गेली. मी तिथेच उभी राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचं काही कारण नाही हेही कळत होतं, तरी वाटलं. जेवायला घरी गेले नाही.

कोर्टाच्या अवमानाची तक्रार झाली नाही. तक्रार करायची ती आप्पाने, आणि आप्पा फरार. पण मंडळ फरार नव्हतं. मंडळाने मला खुलासा विचारला: मंडळाची अस्तित्वात असलेली नोटीस आपण कोणत्या अधिकारात नष्ट केली? त्याच आठवड्यात वार्षिक अहवालात आलं की सुरत येथील नोटिशीमुळे एका अनधिकृत योजनेस यशस्वीपणे आळा बसला, आणि त्याबद्दल श्री. वर्तक यांचं अभिनंदन. दोन्ही कागदांवर तोच शिक्का होता.

चौकशीसाठी मूळ नोटिशीचे तुकडे हवे होते. खालचा भाग दारावर होताच, तो खरवडून आणला. वरच्या भागाचा शोध घेऊन तो हजर करावा असं मलाच फर्मावण्यात आलं. तो मिळाला तर चिकटवून नोटीस ‘पूर्ववत’ झाली असं दाखवता येईल आणि माझ्यावरचा आरोप सौम्य होईल, असं वर्तक साहेबांनी फोनवर खासगीत सुचवलं. माणूस अगदीच वाईट नव्हता.

मी लिंबायतला रंजनाच्या खोलीवर गेले. दार बंद होतं. आणि त्या दारावर, बाहेरच्या बाजूने, नव्या खळीने चिकटवलेला आमच्या नोटिशीचा वरचा अर्धा भाग. तीन वाघ, कुंकू लावलेले, चौकटीला आंब्याच्या डहाळ्या. खालचं इंग्रजी तिने कात्रीने कापून टाकलं होतं. मंडळाच्या मसुद्यातली ती सगळ्यात चांगली दुरुस्ती होती.

कडी वाजवायला हात उचलला तेवढ्यात तीच गल्लीतून आली. डोक्यावर पाण्याचा हंडा. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. हंडा उतरवला नाही.

“आप्पानी माणसं येतस अजून,” ती म्हणाली. “खोली इक, दुसरी कंपनी काढसूत म्हनतस. मी दार दखाडस. आते हाई घर सरकारनं शे. मी इकाव नही.” मग, “कागद लेवाले उनी का, बाई?”

मी तिन्ही वाघांकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मंडळाचा शिक्का पहिल्यांदाच कोणाची तरी राखण करत होता.

“नाही,” मी म्हटलं. “पाणी प्यायला आले.”

तिने हंडा उतरवला आणि दार उघडलं. आत बसवून तिने पाणी दिलं, आणि मी निघताना उंबऱ्याशी थांबवून पदराच्या गाठीतलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. म्हणाली, “पुढल्या आखाजीले मुराळी धाडस. येजो.”

नानपुऱ्याच्या खोलीत येऊन मी अहवाल लिहिला: शोध घेतला, कागद मिळून आला नाही. त्याबद्दल माझी एक पगारवाढ कायमची रोखली गेली. पुढच्या आखाजीला सकाळी माझ्या दारात रंजनाचा नवरा गोपाल उभा होता, मागावरची सुटी काढून, हातात नारळ घेऊन.